पडद्यापलीकडच्या प्रेक्षकाच्या हातात काय द्यायचं?

ऑनलाइन प्रयोगांत प्रेक्षकांना सामील करून घेण्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आणि वेगवेगळ्या कलाप्रकारांतल्या लोकांची आहेत, पण अडचणी फिरून फिरून तीनच ठिकाणी येतात : प्रेक्षकाला नेमकी कोणती कृती करायला दिली, त्या कृतीचा परिणाम त्याला किती वेळात दिसला, आणि गाडी रुळावरून घसरली तर ती थांबवणार कोण.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यसंघ झूमवर पन्नास मिनिटांचा प्रयोग करतो. मध्ये तीनदा आम्ही प्रेक्षकांना "तुम्हाला काय वाटतं, सांगा" असं विचारतो. साठ-सत्तर जण हजर असतात, पण कुणी तोंड उघडत नाही. काय चुकतंय? (सातारा)

तुम्ही मत विचारता आहात. मत देणं ही सगळ्यात अवघड कृती आहे आणि तुम्ही ती सगळ्यात आधी मागता. नाट्यगृहात असा प्रश्न विचारला की आधी कुजबुज होते, दोघं-तिघं हसतात, त्या आवाजाच्या आडोशाने एखादा बोलून जातो. झूमवर तो आडोसा नाही. बोलायचं तर माइक सुरू करावा लागतो, आपल्या चौकटीला रंगीत कड येते आणि सत्तर जण फक्त आपल्याकडे बघतात. एवढं धाडस अनोळखी माणसांत कोण करणार?

पायऱ्यांनी जा. पहिली कृती शरीराची असावी : हात वर करणं, डोळे मिटणं, कॅमेऱ्यावर तळवा ठेवून चौकट काळी करणं. दुसरी, चॅटमध्ये एक शब्द. तिसरी, दोन-तीन पर्यायांतून निवड. आवाज सगळ्यात शेवटी. 2020 च्या टाळेबंदीत ऑक्सफर्डच्या क्रिएशन थिएटरने शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' झूमवर केलं, तेव्हा घरोघरच्या प्रेक्षकांना चुटक्या वाजवायला लावून पाऊस उभा केला होता. चुटकी वाजवायला हुशारी लागत नाही, चुकण्याची भीती नाही, आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट घडलेली लगेच कळते.

पहिली कृती प्रयोग सुरू होण्याआधीच करून घ्या. प्रेक्षक आत येत असतात त्या चार-पाच मिनिटांत एका कलाकाराने पात्राच्या भूमिकेतच स्वागत करावं आणि एक सोपी गोष्ट मागावी : "तुमच्या हाताला लागेल ती निळी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा." इथे ज्यांनी हात हलवला ते पुढेही हलवतील. ज्यांनी इथे नुसतं बघितलं ते शेवटपर्यंत बहुधा नुसतंच बघतील, आणि त्यांना तसं बघू द्या. कॅमेरा बंद ठेवून बसलेल्याला नावाने हाक मारणं हा प्रेक्षकावर अन्याय आहे.

परिणाम लगेच दिसला पाहिजे. चॅटमधला शब्द दहा सेकंदांच्या आत एखाद्या पात्राच्या तोंडी आला नाही, तर लिहिणारा पुन्हा लिहीत नाही. त्यासाठी एक माणूस फक्त चॅटवर ठेवा. त्याला भूमिका देऊ नका. शब्द निवडून तो कलाकारांना वेगळ्या व्हॉट्सॅप गटावर पाठवेल आणि कलाकाराचा फोन कॅमेऱ्याच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर असेल. मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून शब्द मागितल्यावर पंचवीस-तीस सेकंद द्या आणि तेवढा वेळ भरणारं काम संहितेतच लिहून ठेवा : दिवा लावणं, पत्र उघडणं, काहीही. नुसती वाट बघणारा नट दिसला की प्रयोगाचा प्राण जातो.

संख्येचाही विचार करा. झूमच्या गॅलरीत एका पानावर साधारण 25 चौकटी दिसतात. चांगल्या संगणकावर 49 पर्यंत नेता येतात, मोबाइलवर फारच कमी. म्हणजे साठ जणांनी हात वर केला तरी तुमच्या कलाकाराला निम्मेही दिसत नाहीत. हावभावांवर चालणारा प्रयोग असेल तर वीस-बावीस प्रेक्षकांचे दोन खेळ करा. एका मोठ्या खेळापेक्षा ते चांगले रंगतात.

आवाज हवाच असेल तर प्रयोगाआधी खाजगी चॅटवर चार-पाच जणांना विचारून ठेवा : "एका प्रसंगात तुमच्याशी बोललो तर चालेल?" होकार देणाऱ्यांकडेच जा. यजमान (होस्ट) झालात तरी तुम्हाला दुसऱ्याचा माइक परस्पर सुरू करता येत नाही, विनंतीच पाठवावी लागते. त्यात पाच-सात सेकंद जातात, तेही धरा.

आणखी एक. दोन शेवटांपैकी एक निवडा असं म्हणत असाल तर दोन्ही शेवट खरोखर बसवलेले असू द्या. मत काहीही पडलं तरी तेच घडतं हे प्रेक्षकांना दुसऱ्या खेळापर्यंत कळतं, आणि मग तुमचा कुठलाच प्रश्न ते खरा मानत नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळाचं आषाढीचं कीर्तन ऑनलाइन होतं. कीर्तनकार पुण्यात, आम्ही चाळीस कुटुंबं न्यू जर्सीत. गजराला सगळ्यांचे माइक सुरू केले की नुसता गोंधळ होतो. इंटरनेट उत्तम आहे. उपाय काय? (एडिसन)

इंटरनेट कितीही चांगलं घेतलंत तरी हा गोंधळ जाणार नाही, कारण तो अंतराचा आहे. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे 12,500 किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी एका बाजूला 0.06 सेकंद लागलेच असते. ती सरळ नसते, आणि त्यावर झूमची प्रक्रिया येते. प्रत्यक्षात एका दिशेला 0.2 सेकंद किंवा जास्त धरा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. कीर्तनकाराचा आवाज तुमच्यापर्यंत येऊन तुमचा परत त्यांच्यापर्यंत जाईतो जवळजवळ एक मात्रा गेलेली असते. गजराची लय तर वाढत जाते. एकत्र वाजवणाऱ्यांना 0.03 सेकंदाच्या पुढचा उशीर जाणवायला लागतो, तिथे हे जमणं शक्य नाही.

म्हणून लयीतला भाग आणि लयीबाहेरचा भाग वेगळे करा.

लयीतल्या गजरात कीर्तनकाराचाच माइक सुरू ठेवा, बाकी सगळे बंद. टाळकरी आणि मृदंगवादक कीर्तनकाराच्या खोलीतच बसलेले असावेत, दोघं-तिघं पुरे. धृपद धरणारे मागे असले की कीर्तनकाराला पोकळीत म्हटल्यासारखं होत नाही. न्यू जर्सीतल्या प्रत्येक घरात माइक बंद ठेवून त्या आवाजाबरोबर मोकळ्या गळ्याने म्हणा, टाळ वाजवा. तुमच्या घरात ते अचूक लयीत असतं. कॅमेरे मात्र सुरू ठेवा, म्हणजे चाळीस घरांतले टाळ कीर्तनकारांना दिसतात.

जयघोषाला माइक उघडा. "पुंडलिक वरदे" म्हटल्यावर येणारा "हरि विठ्ठल" मात्रेला बांधलेला नाही. पाच-सहा घरांतून तो थोडा मागेपुढे आला तर लोटलेल्या गर्दीसारखाच ऐकू येतो. चाळीस घरं एकदम उघडू नका, झूम एका वेळी मोजके आवाजच नीट पुढे नेतं. पाच-सहा घरांची पाळी लावा आणि कीर्तनकारांना जयघोषानंतर दोन सेकंद थांबायला सांगा.

टाळ-मृदंग ऐकूच येत नाही अशीही तक्रार अनेकदा येते. झूमचा गोंगाट गाळणारा फिल्टर टाळांच्या किणकिणीला गोंगाट समजून पुसून टाकतो. पुण्याच्या बाजूला ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करा. त्यातला प्रतिध्वनी रोखणारा पर्याय मात्र कानाला हेडफोन असेल तरच बंद करायचा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून घुमतो.

एकाच शहरात किंवा शेजारच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना जॅमुलस किंवा जॅकट्रिपसारखी मोफत साधनं वापरून खरोखर एकत्र वाजवता येतं. त्यासाठी दोन्हीकडे वायरचं इंटरनेट आणि वायरचे हेडफोन हवेत. ब्लूटूथ हेडफोन एकटाच 0.1 सेकंदाच्या वर उशीर घालतो.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. चार तास एका खोलीत बसून, थेट प्रक्षेपण बघणारे जे सांगतील ते करायचं, असा माझा परफॉर्मन्स आहे. मैत्रिणी घाबरवतात. काय काळजी घ्यावी? (नाशिक)

परफॉर्मन्स जरूर करा, पण "जे सांगतील ते" एवढं बदला.

या वाटेने आधी गेलेल्या तीन कृती शेजारी शेजारी ठेवून बघा. 1964 मध्ये जपानी कलाकार योको ओनो यांनी क्योटोत 'कट पीस' केला. त्या मंचावर बसल्या, समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून वर यायचं, कपड्याचा तुकडा कापायचा, तो बरोबर न्यायचा. कृती एकच, माणूस एका वेळी एक, आणि कापणारा सगळ्यांना दिसतो. 1974 मध्ये परफॉर्मन्स करणाऱ्या कलाकार मरिना अब्रामोविच यांनी नेपल्समध्ये 'रिदम झीरो' केला : टेबलावर 72 वस्तू, त्यात गुलाबही आणि पिस्तूल व गोळीही, सहा तास, आणि या वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा अशी सूचना. कपडे फाडले गेले, त्वचेवर जखमा झाल्या, पिस्तूल त्यांच्यावर रोखलं गेलं, तेव्हा प्रेक्षकांपैकीच इतरांनी मध्ये पडून ते काढून घेतलं. मध्ये पडणारे होते, कारण सगळे एकाच खोलीत होते.

तिसरी कृती तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळची. 2007 मध्ये इराकी-अमेरिकी कलाकार वफा बिलाल शिकागोच्या एका गॅलरीत 30 दिवस राहिले. खोलीत रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, ती इंटरनेटवरून कुणालाही वळवता आणि झाडता येत होती. 'डोमेस्टिक टेन्शन' हे त्या कृतीचं नाव. शंभरहून जास्त देशांतून 60,000 च्या वर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्याला आवाज, वेदना, समोरचा चेहरा यातलं जवळजवळ काही भिडत नव्हतं, आणि त्याला कुणी बघतही नव्हतं. पण त्याच कळफलकावर बसलेल्या काही अनोळखी लोकांनी पाळ्या लावून बंदुकीची नळी बिलाल यांच्यापासून दूर वळवून धरायला सुरुवात केली. वाचवण्याची ही शक्यता कृतीच्या रचनेतच होती, कारण नळी वळवता येत होती. तुमच्या रचनेत ती आहे का, हे आधी तपासा. "पाणी पी", "विसाव", "खिडकीकडे बघ" अशा आज्ञा यादीत असतील तर प्रेक्षकाला बरं वागण्याची सोय राहते.

आता प्रत्यक्ष बांधणी. बारा ते पंधरा आज्ञांची बंद यादी करा आणि प्रत्येकीला क्रमांक द्या. प्रत्येक आज्ञेला एकच कसोटी लावा : हीच आज्ञा सलग वीसदा आली तर माझ्या शरीराचं काय होईल? "उभी राहा, बस" निरुपद्रवी दिसते, पण तासाभरात दोनशे वेळा केली तर गुडघे जातात. गर्दीला एखादी आज्ञा सापडली की ती तीच तीच देते, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून दर तीन मिनिटांना एकच आज्ञा घ्या. तासाला वीस झाल्या, दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती धरली तर सोळा-सतरा. तीच आज्ञा लागोपाठ दोनदा नाही, आणि चारदा झाली की ती यादीतून बाद. चार तासांत फार तर 48 ते 60 कृती होतील. कागदावर ही संख्या कमी वाटते, पण खोलीत बसल्यावर ती भरपूर असते.

थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे ठेवू नका. कृतीत बुडालेल्या माणसाला थांबवणं अपयशासारखं वाटतं आणि तो ते लांबवत राहतो. चौकटीबाहेर एक विश्वासू व्यक्ती बसवा, तिने तुम्हाला न विचारता प्रक्षेपण तोडायचं. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्थिर पाटी वेगळा सीन म्हणून तयार ठेवली आणि तिला एक कळ नेमून दिली की हे एका बोटाने होतं. तुमच्याकडून एक मूक खूणही ठरवा, उदाहरणार्थ दोन्ही तळवे टेबलावर पालथे. ही खूण यादीतल्या कुठल्याही आज्ञेत येणार नाही याची खात्री करा.

यादी बंद असेल तर प्रक्षेपण मुद्दाम उशिरा दाखवायची गरज नाही. मोकळा मजकूर स्वीकारायचा हट्ट असेल, तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून 20 ते 30 सेकंदांचा उशीर घालावाच लागेल, म्हणजे काही वाईट घडलं तर लोकांपर्यंत पोचण्याआधी कापता येतं. त्या उशिराने प्रेक्षक आणि तुमच्यातला धागा मात्र ढिला होतो. आमच्या मते तुमच्या कृतीसाठी बंद यादीच योग्य.

जागा कुठली हे उघड होऊ देऊ नका. 2017 मध्ये अमेरिकेत एका कलाकारत्रयीने राजकीय निषेधाची एक कृती म्हणून अज्ञात ठिकाणी झेंडा उभारून त्याचं थेट प्रक्षेपण केलं. चौकटीत फक्त झेंडा आणि आकाश. तरी बघणाऱ्यांनी विमानांच्या धुराच्या रेषा आणि रात्रीचे तारे यांवरून टेनेसीतली ती जागा शोधून झेंडा काढून नेला, तोही दोन-तीन दिवसांत. तुमच्या खोलीत तर खिडकी, आरसा, भोंगा, शाळेची घंटा, टपालावरचा पत्ता असं बरंच काही असतं. एक दिवस आधी त्याच कोनातून दहा मिनिटं चित्रण करून अनोळखी मित्राला दाखवा आणि त्याला काय काय ओळखता येतं ते विचारा.

कृती संपल्यावर त्या रात्री चॅट स्वतः वाचू नका. दुसऱ्या कुणाला तरी आधी चाळून वेगळं काढू द्या. पण ते जपून ठेवा. कुठल्या मिनिटाला गर्दीचा सूर बदलला, कुणी आधी सौम्य आज्ञा दिली, मग इतर कसे वळले, हेच तुमच्या कृतीतलं सगळ्यात मोलाचं साहित्य आहे. परीक्षकांसमोर व्हिडिओपेक्षा ते ठेवा.

प्रश्न : आम्ही यूट्यूबवर थेट इम्प्रोव्ह (संहितेशिवाय, प्रेक्षकांच्या सूचनेवर आयत्या वेळी रचलेले प्रसंग) करतो. दोन-तीनशे प्रेक्षक असतात. चॅटमधून सूचना इतक्या येतात की वाचता येत नाहीत, आणि निवडलेली सूचना केली तर लोक म्हणतात, हे जुनं झालं. (ठाणे)

दोन वेगळ्या अडचणी आहेत. आधी उशिराची. यूट्यूबच्या नेहमीच्या प्रक्षेपणात तुम्ही बोललेलं प्रेक्षकापर्यंत पोचायला पंधरा ते तीस सेकंद, कधी जास्तही लागतात. सेटिंगमध्ये 'अल्ट्रा लो लेटन्सी' निवडलीत तर हे पाच सेकंदांच्या आसपास येतं, मात्र कमजोर नेटवर चित्र अडखळायची शक्यता वाढते. आपला उशीर मोजून घ्या : कॅमेऱ्यासमोर फोनचं स्टॉपवॉच सुरू करा, शेजारी दुसऱ्या फोनवर मोबाइल डेटाने तेच प्रक्षेपण लावा, दोन्ही फोनचा एक फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा उशीर. त्यात वाचायला पाच आणि लिहायला वीस सेकंद मिळवा. पंचवीस सेकंदांचा उशीर असेल तर सूचना मागितल्यापासून पन्नास सेकंदांच्या आत त्या घेणं बंद करणं म्हणजे निम्म्या प्रेक्षकांना वगळणं.

आता गर्दीची. 2014 च्या फेब्रुवारीत ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर 'पोकेमॉन रेड' हा जुना व्हिडिओ गेम चॅटमधल्या आज्ञांनी खेळला गेला. दहा लाखांहून जास्त लोक सामील झाले आणि सोळा दिवसांत खेळ पूर्ण झाला. सुरुवातीला आलेली प्रत्येक आज्ञा लागू होत होती, त्यामुळे पात्र तासन् तास एकाच कड्याजवळ घुटमळत राहिलं. मग चालवणाऱ्याने मतदानाची पद्धत आणली, आणि कोणती पद्धत चालू राहावी हेही प्रेक्षकच ठरवू लागले. त्यावरून दोन तट पडले आणि ते भांडणच रंगत गेलं. 2017 मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने उलट दिशेने प्रयोग केला : 1000 गुणिले 1000 ठिपक्यांचा एक कॅनव्हास, 72 तास, प्रत्येकाला एका वेळी एकच ठिपका रंगवता येणार आणि पुढच्या ठिपक्यासाठी पाच ते वीस मिनिटं थांबायचं. एकट्याने काहीच काढता येत नसल्याने लोक गट करून, आखणी करून चित्रं काढू लागले. सक्तीच्या थांब्याने सहकार्य घडलं.

तुमच्यासाठी यातून सरळ पद्धत निघते. दोन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत एकच शब्द मागा, एकाच वर्गातला (फक्त जागा, किंवा फक्त नातं). सूत्रधाराने पहिल्या पंधरा शब्दांतून तीन उचलावेत. दुसऱ्या फेरीत त्यांना यूट्यूबच्या लाइव्ह पोलमध्ये टाका, त्यात चार पर्यायांपर्यंत बसतात. पोल चालू असताना आधीचा प्रसंग चालूच ठेवा. चॅटला साठ सेकंदांचा स्लो मोड लावा, म्हणजे एकाला मिनिटाला एकच संदेश पाठवता येतो. तीनशे जण असले तरी तेव्हा सेकंदाला जास्तीत जास्त पाच संदेश येतील. तेही माणसाला वाचता येत नाहीत, म्हणूनच निवड आकड्यांवर न्यायची.

प्रश्न : आमच्या काव्यवाचनात कुणीतरी शिरून अश्लील चित्रं दाखवली. हे कसं रोखायचं? (कोल्हापूर)

दुवा जाहीर फलकावर किंवा फेसबुकवर टाकू नका. नोंदणी करणाऱ्यालाच, कार्यक्रमाच्या दोन तास आधी पाठवा. वेटिंग रूम सुरू ठेवा आणि आत घेणारा माणूस वेगळा नेमा. स्क्रीन शेअर फक्त यजमानाला, ॲनोटेशन (पडद्यावर रेघोट्या मारायची सोय) बंद, नाव बदलायची मुभा बंद, आत येताना माइक बंद. सुरुवातीनंतर पंधरा मिनिटांनी मीटिंग लॉक करा. तरीही कुणी घुसलाच, तर 'होस्ट टूल्स'च्या (आधीच्या 'सिक्युरिटी'च्या) बटणाखाली सगळ्यांच्या हालचाली एकदम थांबवण्याचा पर्याय आहे. कार्यक्रमाआधी तो शोधून ठेवा, त्या क्षणी सापडत नाही.

यूट्यूबवर अडवायच्या शब्दांची यादी स्वतः भरावी लागते. शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे भरा. रोमन लिपीतलं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, तेव्हा एकेका शब्दाची चार-पाच रूपं घाला.

प्रश्न : प्रेक्षकांचे चेहरे असलेलं रेकॉर्डिंग पुढे वापरता येईल का? काही लहान मुलंही दिसतात. (पणजी)

परवानगी घेतली असेल तरच. झूमची "रेकॉर्डिंग सुरू आहे" ही सूचना म्हणजे प्रसिद्धीला दिलेली संमती नव्हे. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तीन वेगळ्या चौकटी ठेवा : प्रयोगात दिसायला चालेल, रेकॉर्डिंगमध्ये चालेल, ते जाहीर टाकलं तर चालेल. आधीपासून खूण केलेली चौकट नको. नकार देणाऱ्यांना कॅमेरा बंद ठेवून भाग घेता आला पाहिजे. भारताच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. आमचा सल्ला याहून सोपा आहे : मुलांच्या चौकटी जाहीर चित्रणात ठेवूच नका. 'स्पॉटलाइट' (निवडलेल्याच चौकटी सगळ्यांना दाखवायची सोय) लावून रेकॉर्डिंग केलंत तर फक्त कलाकार येतात, आणि ही अडचण मुळातच येत नाही.

संगीत वापरलं असेल तर तेही बघा. कीर्तनातला अभंग तुकोबांचा असला तरी लावलेली ध्वनिमुद्रिका कंपनीची असते, आणि यूट्यूबची यंत्रणा ती ओळखून आवाज बंद करते किंवा त्या प्रक्षेपणावर दावा लावते. स्वतः गा.

प्रश्न : आमच्या लावणी कार्यक्रमाच्या प्रक्षेपणात पैसे पाठवणाऱ्याची फर्माईश घ्यावी का? (सोलापूर)

तमाशाच्या फडावर दौलतजादा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि फर्माईश पुरवणं हा लावणी कलावंतांच्या कसबाचाच भाग आहे. फडावर देणारा समोर असतो, त्याला शाहीर, सोंगाड्या, सगळे आवरू शकतात. ऑनलाइन देणारा अनामिक असतो, त्यामुळे बंधन आधीच जाहीर करावं लागतं. गाण्यांची यादी पडद्यावर दाखवा, फर्माईश त्यातलीच. कपडे, अंगविक्षेप, वैयक्तिक निरोप यांच्या मागण्या किती पैसे आले तरी वाचल्याही जाणार नाहीत, हे सुरुवातीला सांगा. पैसे आणि संदेश आधी व्यवस्थापकाकडे जावेत, नर्तकीच्या समोरच्या पडद्यावर नव्हे.

यूट्यूबच्या सुपर चॅटमधले (पैसे देऊन पाठवलेल्या संदेशांतले) साधारण 30 टक्के यूट्यूब ठेवतं. त्यामुळे अनेक जण क्यूआर कोड दाखवतात. तिथे एक खबरदारी घ्या : यूपीआयचा पत्ता बऱ्याचदा मोबाइल नंबरच असतो आणि पैसे पाठवताना खातेदाराचं पूर्ण नाव दिसतं. कलावंतिणीचं व्यक्तिगत खातं कधीही पडद्यावर टाकू नका. फडाच्या किंवा संस्थेच्या नावाचं चालू खातं वापरा.

प्रश्न : आमच्या गावात व्हिडिओला पुरेसं नेट नाही. प्रेक्षकही बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना घेऊन काही करता येईल? (चंदगड)

उत्तम करता येईल, आणि थेट प्रक्षेपणाशिवाय. 1960 च्या दशकातल्या फ्लक्सस चळवळीतले कलाकार एका कार्डावर दोन ओळींची सूचना छापून पाठवत. ज्याने ती पाळली तो कलाकार. हीच रीत व्हॉट्सॅपवर सुरेख चालते.

सात दिवसांची कृती आखा. रोज सकाळी ठरल्या वेळी एक आवाजी निरोप, चाळीस सेकंदांच्या आतला. लिखित सूचनेपेक्षा आवाज बरा, चष्मा शोधावा लागत नाही. सूचनेत क्रियापद एकच : "आज दुपारी दारात उभं राहून पाच मिनिटांत ऐकू आलेले आवाज मोजा." संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आवाजी निरोपातच उत्तर पाठवायचं, तीस सेकंदांत. "आठवण सांगा" अशी सूचना पहिल्या तीन दिवसांत टाळा. लोक पाच-पाच मिनिटं बोलतात, बाकीचे ऐकत नाहीत आणि गट थंडावतो. रात्री तुम्ही त्या आवाजांची चार-पाच मिनिटांची जोडणी करून परत पाठवा. फोनवरच्या कुठल्याही साध्या ऑडिओ संपादनाच्या ॲपने होतं. एक एमबीच्या दोन-चार पट आकाराची ती फाइल टूजीवरही उतरते.

गटात 20 ते 30 माणसं ठेवा. गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे आधी सांगून होकार घ्या. नको असेल तर ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवणारी) करा, मात्र ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, म्हणून आधी प्रत्येकाच्या फोनमध्ये नंबर साठवून द्या. गटात शुभेच्छांची चित्रं आणि फॉरवर्ड यायला लागले तर कृती दोन दिवसांत बुडते. त्यावर उपाय म्हणजे दिवसभर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' असं ठेवायचं आणि संध्याकाळी पाच ते सात गट उघडायचा. त्या दोन तासांत सगळे एकदम येतात, एकमेकांचे आवाज ऐकतात, उत्तरं देतात. तुमचा प्रयोग त्याच वेळात घडतो, तेव्हा ती वेळ गावातल्या वीज जाण्याच्या वेळापत्रकाशी जुळवून ठरवा.